वाशिम जिल्ह्यातील कॅथलिक समाज आणि धर्मग्रामाच्या नोंदवह्या

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा अमरावती धर्मप्रांतात समाविष्ट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० इतकी होती. तीत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा एकाच्याही पुष्कळ खाली असून त्या अल्पसंख्येतही कॅथलिक भाविक हा एक लहानसा भाग आहे. मध्यभागी चर्च, शेजारी शाळा, थोड्या अंतरावर दफनभूमी आणि सभोवार ख्रिस्ती घरांची सलग वस्ती असे वसईच्या धर्मग्रामांत दिसणारे चित्र येथे शोधू नये. येथील समाज विखुरलेला आहे. काही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या वऱ्हाडातील किंवा सीमेपलीकडील मराठवाड्यातील; काही शाळा, रुग्णालय, बँक वा शासकीय नोकरीच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालेली.

अशा समाजाचा इतिहास एका वास्तूच्या कोनशिलेवर सापडत नाही. तो स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्यांत आहे, आणि त्या वह्या एका कपाटात नाहीत. एकाच कुटुंबातील आजोबांची नोंद एका धर्मग्रामात, वडिलांची दुसऱ्या आणि नातवाची तिसऱ्या, असे येथे सर्रास घडते. ही नोंद आज केवळ श्रद्धेचा किंवा जिज्ञासेचा विषय राहिलेली नाही. विवाह, शिक्षण आणि जातीचा दाखला या तिन्ही ठिकाणी तिची गरज पडते, आणि ज्यांना आजोबांचे मूळ गाव तोंडपाठ आहे ती पिढी आता थकली आहे. म्हणून हा इतिहास येथे नोंदवहीच्या अंगाने मांडला आहे.

बासीम, अकोला, वाशिम

जुन्या कागदांत वाशिमचे नाव बहुधा 'बासीम' असे येते. वऱ्हाड प्रांत निजामाच्या ताब्यातून १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि त्यांच्या व्यवस्थेत बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून बराचसा भाग अकोला जिल्ह्यात घालण्यात आला. त्यापूर्वी, १९०३ पासून, वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून आजचा वाशिम जिल्हा वेगळा झाला.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. एखाद्या वहीत 'बासीम, बेरार' असे असेल, दुसरीत 'वाशिम, जि. अकोला' असे असेल आणि आजच्या शिधापत्रिकेवर 'वाशिम, जि. वाशिम' असे असेल, तर ती तीन गावे नव्हेत. कार्यालयात हे समजावून सांगताना वरील वर्षे हाताशी असली म्हणजे अर्धे काम होते.

आणखी एक गोष्ट भूगोलाची. मुंबईहून भुसावळमार्गे येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा वऱ्हाडच्या मधल्या सखल पट्ट्यातून गेला. दक्षिणेकडचा वाशिमचा पठारी प्रदेश त्याच्यापासून दूर राहिला. कारंज्याला पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंदमापी 'शकुंतला' मिळाली, परंतु खुद्द वाशिमला रेल्वे येण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्या काळातील धर्मगुरूंची ये-जा बव्हंशी रेल्वेवर अवलंबून असे आणि रेल्वेतील गोवेकर, तमिळ व अँग्लो-इंडियन नोकरदार हे ठिकठिकाणच्या कॅथलिक वस्तीचे पहिले बीज ठरे. अकोल्याच्या मानाने वाशिमकडील कॅथलिक उपस्थिती क्षीण राहिली, त्यामागे हे एक साधे, लोखंडाचे कारण आहे असे म्हणता येईल.

धर्मप्रांताची वाटचाल

मध्य भारतातील कॅथलिक कार्याचा मोठा भाग संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या, फ्रान्सच्या बाजूच्या सव्हॉय प्रदेशातील आन्सी येथे स्थापन झालेल्या संघाच्या धर्मगुरूंनी उभारला. हे धर्मगुरू १८४५-४६ च्या सुमारास विशाखापट्टणमकडे आले आणि लवकरच कामठीच्या लष्करी छावणीपर्यंत पोहोचले. २९ जुलै १८८७ रोजी नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि अलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले. वऱ्हाडही या विस्तीर्ण धर्मप्रांतात होते. मेळघाटात चिखलदऱ्याजवळचे मरियमपूर आणि मराठवाड्यात घोगरगाव ही या मिशनऱ्यांची नावाजलेली केंद्रे. यांपैकी घोगरगाव परिसर मराठी कॅथलिक समाजाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा, कारण तेथे खेड्यापाड्यांतील कष्टकरी मराठी कुटुंबांनी श्रद्धा स्वीकारली.

१९ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूरला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि ८ मे १९५५ रोजी त्याच्यातून अमरावती धर्मप्रांत निर्माण झाला. पहिले बिशप जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हे याच संघाचे. त्यांनी १९५५ ते १९९५ अशी तब्बल चाळीस वर्षे धुरा वाहिली. एकाच मेंढपाळाचा एवढा दीर्घ काळ लाभणे हे दुर्मिळच. प्रारंभी मराठवाड्याचा भागही अमरावतीकडे होता. १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला आणि अमरावतीकडे वऱ्हाडचे जिल्हे राहिले. बिशप रोझारिओ यांच्यानंतर बिशप एडविन कुलासो (१९९५–२००६), बिशप लूर्ड्स डॅनियल (२००७–२०१०), बिशप एलायस गोन्साल्विस (२०१२–२०१८) आणि पुढे बिशप माल्कम सिक्वेरा यांची नेमणूक झाली.

वाशिमच्या कुटुंबाला याचा व्यवहारात अर्थ असा. १९५५ पूर्वीच्या स्नानसंस्काराचा माग काढताना अमरावतीबरोबर नागपूरच्या अभिलेखागाराचाही विचार करावा लागतो. कुटुंब मूळचे हिंगोली, परभणी वा औरंगाबादकडील असेल तर १९७७ नंतर ते धर्मग्राम औरंगाबाद धर्मप्रांतात गेलेले असते. जिल्ह्याची हद्द बदलली म्हणून चर्चची हद्द बदलत नाही आणि चर्चची बदलली म्हणून जिल्ह्याची बदलत नाही. वही मात्र साधारणतः जेथे संस्कार झाला त्या धर्मग्रामातच राहते, किंवा त्या गावाचे मूळ मिशनकेंद्र जेथे होते तेथे. गावातील चर्च नवे असेल तर जुनी नोंद मातृधर्मग्रामात शोधावी.

'मिशन' म्हणजे कोणते?

वाशिममध्ये 'मिशन' म्हटले की बहुतेकांना मिशनचा दवाखाना आठवतो. तो, म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, नाझरीन चर्चचा. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९३८ मध्ये तो सुरू केला. त्याआधी वाशिमला मेथडिस्ट मिशनचे काम होते आणि वऱ्हाड व खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत वऱ्हाडात अनाथ मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांमध्ये या प्रॉटेस्टंट मंडळींचा वाटा मोठा होता, हे कॅथलिक वाचकांनीही मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे. वाशिमच्या ख्रिस्ती इतिहासाचा पहिला अध्याय प्रामुख्याने त्यांचाच आहे.

'आमचे आजोबा मिशनमध्ये वाढले' एवढ्या आठवणीवरून कॅथलिक वही शोधणे त्यामुळे व्यर्थ ठरू शकते. मिशन कोणते ते आधी निश्चित करावे. आजोबांच्या काळी घरात जपमाळ होती काय, पाद्रीसाहेब सपत्नीक होते काय, असे साधे प्रश्न वृद्धांना विचारले तरी पुष्कळदा उलगडा होतो.

मिश्र कुटुंबांच्या मनात याला जोडूनच एक शंका असते. आई नाझरीन, वडील कॅथलिक, किंवा उलट. मग आईला कॅथलिक ख्रिस्तसभेत येताना पुन्हा स्नानसंस्कार घ्यावा लागतो काय? नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा ख्रिस्तसभा मान्य करते आणि स्नानसंस्कार दोनदा देता येत नाही. त्याच्या वैधतेविषयी गंभीर संशय असेल तरच, तपासानंतर, सशर्त संस्कार दिला जातो (धर्मविधी-संहिता, कलम ८६९). अशा वेळी मूळ मंडळीचा दाखला आणून तो कॅथलिक धर्मग्रामात नोंदवून घ्यावा. कॅथलिक व अन्य ख्रिस्ती यांच्या विवाहास धर्मप्रांताची पूर्वपरवानगी लागते (कलम ११२४). ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

वही कशी वाचावी

धर्मग्रामाने नोंदवह्या ठेवण्याची प्रथा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये सार्वत्रिक केली आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने तिला नमुना दिला. स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांबरोबरच त्यात प्रत्येक घराची माणसे टिपून ठेवणारी कुटुंबनोंदवहीही होती. आज १९८३ च्या धर्मविधी-संहितेचे कलम ५३५ प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या वह्या बंधनकारक करते.

स्नानसंस्काराच्या नोंदीत काय असावे हे कलम ८७७ सांगते: बालकाचे नाव, संस्कार देणारा, आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, संस्काराचे स्थळ व दिनांक, आणि जन्माचे स्थळ व दिनांक. जुन्या वह्या बहुधा लॅटिनमध्ये आहेत. लोकभाषेला उपासनेत स्थान देणारा दस्तऐवज दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी स्वीकारला, त्यानंतर हळूहळू बदल झाला. लॅटिनचा बाऊ करू नये. 'नातुस' म्हणजे जन्मलेला, 'नाता' म्हणजे जन्मलेली, 'बाप्तिझावी' म्हणजे मी स्नानसंस्कार दिला, 'पात्रीनुस' व 'मात्रीना' म्हणजे धर्मपिता व धर्ममाता. एवढे शब्द आले की बहुतेक नोंदी उलगडतात. खरी अडचण नावांची. घरचा योसेफ वहीत 'योसेफुस' होतो, योहान 'योआन्नेस' होतो, शाळेत तोच जोसेफ किंवा जॉन होतो. गावांची नावे सव्हॉयच्या धर्मगुरूंनी आपल्या कानाला ऐकू आली तशी, फ्रेंच वळणाने लिहिलेली असतात. शिवाय पुष्कळ जुन्या नोंदींत आडनाव नाही, फक्त वडिलांचे नाव आहे. वसईत आडनावावरून कुटुंब ओळखता येते; वऱ्हाड-मराठवाड्यात आडनावे मूळची मराठीच राहिली आणि ती वहीत पुष्कळदा आलीच नाहीत. म्हणून नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि गाव अशा चार खुणा जुळवून पाहाव्यात.

धर्ममाता-धर्मपित्यांच्या रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वस्तुतः विखुरलेल्या समाजाचा नकाशा तेथेच सापडतो. बालकाचा धर्मपिता कोणत्या गावचा आहे हे पाहिले की कुटुंब कोठून आले, सोयरसंबंध कोणाशी होते, गावात दुसरे कॅथलिक घर होते की बाहेरून माणूस बोलवावा लागला, हे ध्यानात येते. एकाच कॅटेकिस्ट मास्तरांचे नाव वारंवार साक्षीदार म्हणून दिसले तर त्या गावची श्रद्धा कोणी जतन केली याचेही उत्तर मिळते. या मास्तरांविषयी स्वतंत्र लिहिले गेले पाहिजे; धर्मगुरू महिन्यातून एकदा येत, मास्तर रोज तेथेच असत.

समासातील मजकूरही वाचावा. दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपद वा व्रतस्थ जीवनाची कायमची शपथ यांची टीप मूळ स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी घातली जाते. विवाहाची अशी टीप घालण्याचा नियम १९०८ च्या पास्कापासून लागू झाला. भाविकाचा विवाह मुंबईत झाला तरी सूचना त्याच्या मूळ धर्मग्रामाकडे यावी लागते. विवाहापूर्वी सहा महिन्यांच्या आतला नवा स्नानसंस्कार-दाखला का मागतात, जुना कपाटात असताना का चालत नाही, याचे कारण हेच. जुना दाखला स्नानसंस्कार सांगतो. नवा दाखला तेव्हापासून आजवर समासात काय लिहिले गेले तेही सांगतो.

नोंद सापडलीच नाही तर? कलम ८७६ नुसार, कोणाच्या हिताला बाध येत नसल्यास, एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन, किंवा प्रौढपणी संस्कार घेतला असल्यास त्या व्यक्तीची स्वतःची शपथ, पुरेशी ठरते. हे ख्रिस्तसभेच्या कामापुरते आहे. शासनासमोर ते चालेल असे समजू नये.

१३ ऑक्टोबर १९६७

आता जातीच्या दाखल्याचा प्रश्न. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ही मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. त्याच जातींतून आलेले ख्रिस्ती व मुस्लिम बाहेर राहिले. ज्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समवेत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्याच सुमारास वऱ्हाड-मराठवाड्यातील त्यांचीच काही भावंडे दोन-तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली होती. एकाच वाड्याच्या दोन घरांना कायद्याने दोन वाटा दिल्या. हा भेद दूर व्हावा म्हणून ख्रिस्ती संघटना १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस पाळतात. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट नाही.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गाच्या यादीत स्थान आहे. या प्रवर्गाच्या दाखल्यासाठी व पुढे जात पडताळणीसाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रातील रहिवासी असल्याचा पुरावा मागितला जातो. वाडवडिलांची शाळेची दाखल-खारीज नोंद आणि गावची कोतवाल बुकाची नक्कल हे त्यातील मुख्य कागद. परंतु ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या गावचे कोतवाल बुक जीर्ण होऊन गेले, त्यांच्या हाती कधीकधी चर्चची वही एवढीच उरते.

तिच्याकडून काय अपेक्षावे हे मात्र नीट समजून घ्यावे. स्नानसंस्काराची नोंद अमुक व्यक्ती अमुक आईवडिलांच्या पोटी, अमुक दिवशी, अमुक गावी जन्मली हे सांगते. म्हणजे वंश आणि वास्तव्य. जात हा तिचा रकाना नव्हे. काही वह्यांत ती लिहिलेली आढळली तर उत्तम. नसली तर धर्मगुरूंनी आपल्या मनाने ती दाखल्यावर लिहावी असा आग्रह कोणीही धरू नये. वहीत नाही ते दाखल्यावर येणे हा त्या अर्जदाराच्याच पायावर धोंडा ठरतो, कारण समिती मूळ वही मागवू शकते. वंशावळ वहीतून आणि जात शाळेच्या वा कोतवाल बुकाच्या नोंदीतून, असे दोन कागद एकमेकांना जोडावेत. मूळ लॅटिन नोंदीचा शब्दशः उतारा, त्याचे मराठी भाषांतर, वहीचा क्रमांक, पृष्ठ, नोंद क्रमांक आणि धर्मग्रामाची मुद्रा असा पूर्ण कागद मागून घ्यावा. निर्णय अखेर समितीचा.

जन्मदाखल्याचे आणखी एक. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या दिवसानंतर जन्मलेल्यांसाठी शासकीय जन्मदाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो. स्नानसंस्काराचा दाखला त्याची जागा घेत नाही. बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी शासकीय दाखला सोबत आणून दोन्हींतील नाव व स्पेलिंग एकच ठेवावे. पुढची बरीच धावपळ टळेल.

विवाह, मृत्यू आणि वहीची निगा

कॅथलिक धर्मगुरूंनी लावलेल्या विवाहाची नोंद १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ३० प्रमाणे धर्मप्रांताच्या बिशपांनी ठरविलेल्या नमुन्यात होते आणि दर तिमाहीस तिची माहिती शासनाच्या महानिबंधकांकडे जाते. चर्चमधील विवाहाची ही वही म्हणूनच घरगुती कागद नाही.

मृत्यूची नोंद सर्वांत दुर्लक्षित. जेथे स्वतंत्र कॅथलिक दफनभूमी नाही तेथे दफन अन्य मंडळींच्या दफनभूमीत किंवा दूरच्या गावी होते, आणि लाकडी क्रूस चार पावसाळ्यांत नाहीसा होतो. दफनानंतर मृत्यूची नोंद वहीत करावी असे कलम ११८२ सांगते. अंत्यविधी दुसऱ्या धर्मग्रामातील धर्मगुरूंनी केला असेल तर ती वही कोणती हे कुटुंबाने त्याच आठवड्यात विचारून ठेवावे.

कारंजा हे गाव जैन भांडारांतील हस्तलिखितांसाठी विद्वानांत प्रसिद्ध आहे. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची प्रसिद्ध केली तीत या भांडारांचा मोठा वाटा आहे. शेकडो वर्षांची पोथी याच हवेत, याच वाळवीत टिकली, ती फडक्यात बांधून, वरचेवर उघडून, ऊन दाखवून. आपल्या वह्या शंभर-सव्वाशे वर्षांच्याच आहेत. कसर, वाळवी आणि भिंतीची ओल हे त्यांचे शत्रू. लॅमिनेशन हा मित्राच्या वेषातील चौथा. प्लॅस्टिक एकदा चिकटले की कागद सोडविता येत नाही. भिंतीपासून दूर, लोखंडी कपाटात, कोरड्या सुती वा आम्लविरहित कागदी वेष्टनात वही ठेवावी, पानांची छायाचित्रे घेऊन एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात द्यावी. नोंदी नीट लिहिल्या व जपल्या जातात की नाही हे पाहणे हे विभागीय प्रमुख धर्मगुरूंचे कर्तव्य आहे (कलम ५५५). नोंदीतील चूक खोडून दुरुस्त करता येत नाही. धर्मप्रांताच्या कार्यालयाच्या अनुमतीने समासात टीप घालावी लागते.

ज्या गावी दर रविवारी मिस्सा होऊ शकत नाही तेथे भाविकांनी एकत्र जमून शब्दविधी करावा अशी तरतूद आहे (कलम १२४८), आणि त्यासाठी रोमने १९८८ मध्ये मार्गदर्शिकाही दिली. अशा मेळाव्यात, सोयाबीन-तुरीची कामे नसतील अशा एखाद्या रविवारी, प्रत्येक घराने एका कागदावर एवढेच लिहून आणावे: आजोबा-आजी, आई-वडील व मुले यांची नावे, प्रत्येकाचे जन्मगाव, स्नानसंस्कार कोठे झाला, धर्ममाता-धर्मपिता कोण, विवाह कोठे, दफन कोठे. जे ठाऊक नसेल तो रकाना कोरा ठेवावा आणि तो कागद घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीसमोर वाचून दाखवावा. भरलेले कागद धर्मगुरूंकडे द्यावेत. जुन्या विधिग्रंथातील कुटुंबनोंदवही हीच.